जाळी काढू नकोस, नानी



गेले पाच महिने इथे काही लिहिलं नाही. दोघी-तिघींनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना. तब्येत छान आहे. मी मुलीकडे होते, केर्न्सला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर-पूर्व किनाऱ्यावरचं हे गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दाट जंगलाचे डोंगर आणि मधल्या सपाटीवर ऊसच ऊस. माझं माहेर श्रीरामपूरचं, त्यामुळे विमानतळावरून घरी जाताना ऊस दिसला तेव्हा बरं वाटलं. आपल्या कोकणासारखी दमट हवा आणि मार्चपर्यंत धो धो पाऊस. जिथे अशी हवा, तिथे किडामुंगी असणारच. मी ऑक्टोबरमध्ये गेले आणि पावसाळा पाहून परतले.

प्रवासवर्णन लिहीत नाही. माझ्या मनात एक गोष्ट खुपते आहे ती लिहिते. आपण जैन बायका जीवदयेबद्दल इतकं बोलतो, पण घरातल्या जिवांकडे आपण कधी नीट पाहिलेलं नसतं. मी तरी पाहिलं नव्हतं. ते मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी नऊ वर्षांच्या नातवाने शिकवलं, आणि शिकताना जरा लाजही वाटली.

मुलगी, जावई, नातू आणि चार वर्षांची नात, या घराला पाखरं-किडे बघायचं वेडच आहे. जावयांच्या गळ्यात सुट्टीच्या दिवशी दुर्बीण असते. नातवाची वही आहे, त्यात तारीख, वेळ आणि काय दिसलं ते. नात फक्त ओरडते, पण ती सगळ्यांच्या आधी ओरडते. पहिल्या रात्री मी अंथरुणावर पडले आणि बाहेरून बाई रडल्यासारखा आवाज आला. लांबलचक, काळीज चिरणारा. मी उठून नवकार म्हणायला लागले. मुलगी हसत आत आली. “आई, तो पक्षी आहे. आपल्याकडे करवानक म्हणतात ना, त्याच्या जातीचा.” सकाळी पाहिलं तर शेजारच्या हिरवळीवर उंच पायांचे, मोठ्या डोळ्यांचे दोन पक्षी पुतळ्यासारखे उभे. हे घरटं बांधतच नाहीत, उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि कोणी जवळ गेलं की पंख पसरून अंगावर येतात. रस्त्याने जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मला ते फार आवडलं.

पुढे रोज काही ना काही. समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिथे लांब वाकड्या चोचीचे पक्षी उतरतात. त्यातले काही थेट रशियाच्या पूर्वेकडून आलेले असतात. काळ्या चमकदार अंगाच्या, लालभडक डोळ्यांच्या मैना न्यू गिनीहून येऊन एकाच उंच झाडावर घरट्यांची चाळ बांधतात. स्क्रबफाउल नावाचा कोंबडीएवढा पक्षी पालापाचोळा उकरून माणसाच्या उंचीचा ढीग रचतो आणि त्यात अंडी पुरतो. पाला कुजताना जी ऊब तयार होते तिच्यावर अंडी उबतात. पिल्लू स्वतःच ढीग फोडून बाहेर येतं आणि चालू लागतं, आई-बापाची गाठही पडत नाही. मुलगी म्हणाली, “बघ, किती सोपं.” मी काही बोलले नाही.

खरी गोष्ट सुरू झाली ती व्हरांड्यात.

दिवाळी जवळ आली होती. मुलगी नोकरी करते, म्हणून म्हटलं निदान घर तरी झाडून देऊ. लांब दांड्याची केरसुणी घेऊन व्हरांड्याच्या कोपऱ्यातली जाळी काढायला लागले. नातू शाळेतून आला तो धावतच. “नानी, जाळी काढू नकोस! तो तिचा दोरा आहे.”

कोणाचा दोरा? त्याने वर बोट दाखवलं. व्हरांड्यात दिव्यांची माळ टांगलेली होती, तिच्या वायरला वाळकं गवत, सालपटं, पानांचे तुकडे असं काहीतरी लोंबत होतं. मला तो कचरा वाटला होता, आणि तोही मी काढणार होते. ते शिंजिराचं घरटं होतं. आपल्याकडे जास्वंदीवर मध प्यायला येतो तो शिंजीर, त्याचीच इकडची जात. पोट पिवळं, नराचा गळा निळाकाळा चमकणारा. मी खुर्चीवर बसून पाहिलं तर मादी खरंच आली, कोपऱ्यातल्या जाळ्याचा तंतू चोचीत गुंडाळून घेतला आणि घरट्याभोवती फिरवला. सगळं घरटं कोळ्याच्या तंतूंनी शिवलेलं. बाजूला दार, दारावर छोटीशी पडवी, खाली लोंबती शेपटी.

मैत्रिणींनो, सामायिक घेताना आपण इरियावहीचा पाठ म्हणतो. त्यात येता-जाता आपल्याकडून दुखावलेल्या जिवांची आठवण आहे. दव, मुंग्यांची बिळं, शेवाळ, ओली माती आणि कोळ्याचं जाळंसुद्धा. पन्नास वर्षं मी तो पाठ म्हणते आहे. आणि पन्नास वर्षं दर दिवाळीला जाळी काढते आहे. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या.

केरसुणी ठेवली. पण घोळ पुढे होता. त्याच महिन्यात घराला औषध मारणारा माणूस येणार होता. तिकडे वर्षातून एकदा बहुतेक घरांत हे करतात. वाळवीची तपासणी, झुरळांचं औषध, आणि कोळी होऊ नयेत म्हणून बाहेरच्या भिंती, छताच्या कडा, व्हरांडा, सगळीकडे फवारा. घरट्यात तोवर दोन अंडी होती. नातवाने वहीत हिशेब मांडला. पंधरा दिवस अंडी उबवायला, पंधरा दिवस पिल्लं उडायला. पिल्लांना शिंजीर मध भरवत नाही, बारीक किडे आणि कोळीच भरवतो. म्हणजे व्हरांड्यात औषध पडलं की पिल्लांचं ताट पुसलं गेलं.

मुलीचं आणि माझं त्या रात्री वाजलं. मी म्हटलं, “फवारा नको.” ती म्हणाली, “आई, तू पाच महिन्यांनी जाशील. स्वयंपाकघरात झुरळं झाली तर मला बघायचंय. इथे रेडबॅक नावाचा विषारी कोळी असतो, तो मुलांच्या बुटात शिरतो.” तिचं खोटं नव्हतं. शिवाय लेकीच्या घरी आपण पाहुण्या, तिथल्या संसारात किती बोट घालायचं त्यालाही मर्यादा असते. मी गप्प बसले. पण मग ती एक वाक्य बोलली ते लागलं. “पुण्याला तू नाही करत का पेस्ट कंट्रोल? पर्युषणाच्या आधी दर वर्षी करतेस.”

करते. आता कबूलच करते. पर्युषणाचे आठ दिवस घर स्वच्छ असावं, स्वयंपाक करताना हातून जीव मरू नये, एकासणाच्या ताटाजवळ झुरळ फिरू नये, म्हणून पंधरा दिवस आधी माणूस बोलावते. तो येतो तेव्हा मी आतल्या खोलीत बसते किंवा स्थानकात जाते. परत येते तेव्हा कामवाली मावशी सगळं झाडून गेलेली असते. माझ्या हाताने काही झालेलं नसतं, डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं. आणि मग संवत्सरीला मी चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींना खमावते. मी बी.कॉम. आहे, खर्च दुसऱ्याच्या नावावर टाकला म्हणजे तो खर्च राहत नाही असं नसतं, हे मला कळायला हवं होतं.

हे माझं एकटीचं असतं तर लिहिलं नसतं. पण माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत हेच चालतं, तुम्हालाही ठाऊक आहे. गहू निवडताना एक किडा सापडला तर आपण त्याला कागदावर घेऊन गॅलरीत सोडतो, आणि वर्षातून एकदा हजारोंचं कंत्राट देतो. मी कोणाला पापी ठरवत नाही. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतात गृहस्थाला मोकळीक आहेच. घरसंसार करताना, पोटासाठी कामधंदा करताना, स्वतःचा बचाव करताना जी हिंसा होते ती वेगळी धरली आहे. ठरवून, जाणून केलेली हिंसा मात्र सोडायची आहे. औषधाचा माणूस फोन करून, तारीख देऊन, पैसे मोजून येतो. हे कोणत्या खात्यात टाकायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

व्हरांड्याचं शेवटी असं झालं. मुलीने त्या माणसाला फोन केला, तारीख सहा आठवडे पुढे ढकलली आणि बाहेरचा फवारा नको म्हणून सांगितलं. वाळवीची तपासणी राहिली, घर लाकडी आहे. स्वयंपाकघराचं मी अंगावर घेतलं. रात्री सिंकच्या जाळीवर झाकण, ओट्यावर पाण्याचा थेंब नाही, कचऱ्याचा डबा झोपण्याआधी बाहेर, सगळं धान्य घट्ट झाकणाच्या बरण्यांत, तांदळात लवंगा, तूरडाळीला एरंडेलाचा हात. चौविहार असल्यामुळे सूर्यास्तानंतर माझा ओटा तसाही बंद. (क्वीन्सलंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, म्हणून डिसेंबरमध्येसुद्धा सातच्या आत अंधारतं. सिडनीला राहणाऱ्या भाचीला चौविहारासाठी आठ वाजून जाईपर्यंत सवड असते, तिला हे सांगितलं तर ती हसली.) झुरळं पूर्ण गेली का? नाही. पण दिसेनाशी झाली. मुलगी म्हणाली, चालेल.

आणि बूट? नातवाने रेडबॅकचं चित्र काढून बुटांच्या कपाटावर चिकटवलं. काळा, पाठीवर लाल पट्टा. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे, हा नियम. त्या घरातल्या चार वर्षांच्या पोरीला विषारी कोळी कोणता आणि अंगणात मोठं सोनेरी जाळं विणणारा निरुपद्रवी कोळी कोणता, हे कळतं. मला कळत नव्हतं. म्हणून मला सगळेच कोळी नको होते आणि तिला एकच नको होता. दशवैकालिक सूत्रात ज्ञान आधी आणि दया नंतर असा क्रम आहे. महासतीजींच्या व्याख्यानात मी तो कितीदा ऐकला. ज्ञान म्हणजे शास्त्राचं ज्ञान, एवढंच मी धरून चालले होते. जे जीव वाचवायचे त्यांची ओळख, असाही त्याचा अर्थ घ्यायला काय हरकत आहे?

आपल्या पाठशाळेत आपण मुलांकडून इंद्रियांची यादी पाठ करून घेतो. मुंगी तेइंद्रिय, माशी, विंचू, फुलपाखरू चौरेंद्रिय. नातवालाही मी शिकवली. तो म्हणाला, “कोणती मुंगी?” अंगणातल्या आंब्यावर हिरव्या पोटाच्या मुंग्या होत्या. हिरवी मुंगी मी जन्मात पाहिली नव्हती, पण ही जात आपल्याकडे आंब्याच्या झाडावर पानांची घरं करणाऱ्या, कडकडून चावणाऱ्या तांबड्या मुंगीचीच, फक्त तिकडे तिचं पोट हिरवं. एक दिवस तासभर आम्ही दोघं झाडाखाली उभे होतो. मुंग्यांची साखळी करून त्या दोन पानं ओढून जवळ आणतात. मग एक मुंगी तोंडात आपली अळी धरून आणते आणि अळीच्या तोंडून निघणारा रेशमाचा धागा या पानावरून त्या पानावर नेते. आपण शिलाई मशीन फिरवतो तशी. त्यानंतर मला ‘तेइंद्रिय’ शब्द उच्चारताना ते झाड आठवतं. आधी काहीच आठवत नव्हतं.

रेशमावरून आणखी एक. पावसाळ्यात जावयांनी जंगलाच्या कडेला एक पतंग दाखवला, हर्क्युलीस. जगातल्या सर्वांत मोठ्या पतंगांपैकी एक, पंख पसरले तर वीतभराहून मोठा. अळी असताना तो पोटभर खातो, पण पतंग झाल्यावर त्याला खाण्यासाठी तोंडच नसतं. उरलेले थोडे दिवस तो काही न खाता जगतो. आमच्या घरात सासूबाईंपासून रेशीम वर्ज्य आहे, कोशातला जीव उकळत्या पाण्यात जातो म्हणून. पण कोशातून बाहेर येणारा कसा दिसतो, काय करतो, हे न पाहताच आम्ही रेशीम सोडलं होतं. त्या झाडावर तो निपचित बसला होता, तपकिरी शालीसारखा. मी हात जोडले. जावई काही बोलले नाहीत, शहाणा माणूस आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं गोडगोड झालं. आता कडू सांगते.

केर्न्सहून गाडीने अर्ध्या तासात गॉर्डनव्हेल नावाचं साखर कारखान्याचं छोटं गाव लागतं. आपल्या नगर भागात उसाच्या मुळांना हुमणी लागते ना, तशीच हुमणी तिकडच्या उसालाही लागते. तिचा बंदोबस्त करायला १९३५ साली हवाईहून शंभराच्या आसपास केन टोड आणले. हा मूळचा अमेरिका खंडातला मोठा, विषारी बेडूक. त्यांची पैदास करून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गॉर्डनव्हेलच्या आसपास दोन हजारांवर पिल्लं सोडली. वॉल्टर फ्रॉगट नावाचे कीटकशास्त्रज्ञ सांगत होते की असं करू नका. फारसं कोणी ऐकलं नाही. हुमणी राहते जमिनीखाली, तिचे भुंगे बसतात उंच पाल्यावर, बेडूक मध्येच. त्याने हुमणी खाल्ली नाही, बाकी सगळं खाल्लं. एक मादी एका वेळी हजारो अंडी घालते. आज तो उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरला आहे आणि त्याला खाणारे क्वोल नावाचे छोटे प्राणी, घोरपडी, साप विषाने मरतात.

डिसेंबरात पहिला मोठा पाऊस पडला आणि ते रस्त्यावर आले. नातवाच्या मित्राच्या घरचे रात्री बॅटऱ्या आणि बादली घेऊन टोड गोळा करायला जातात. गोळा केलेले आधी फ्रिजमध्ये, गारठून निपचित पडले की फ्रीझरमध्ये. नातवाला बोलावणं आलं. मी म्हटलं, जाऊ नकोस, हे तर ठरवून मारणं. तो म्हणाला, “नानी, मग क्वोल मरतात त्यांचं काय? ते पंचेंद्रिय नाहीत का?” टोडही पंचेंद्रिय, क्वोलही पंचेंद्रिय. मला उत्तर देता आलं नाही. जावई म्हणाले, मी सांगणार नाही, त्याने ठरवावं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

तो गेला. सात टोड उचलले, बादलीत टाकले. घरी आला, न सांगता आंघोळ केली, जेवला होताच, माझ्याजवळ येऊन झोपला. अंधारात म्हणाला, “ते थंडीने नुसते झोपतात, असं काकू म्हणाल्या.” मी हो म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाला, “मिच्छामि दुक्कडं टोडला म्हणायचं का?” आम्ही दोघांनी म्हटलं. मी त्याला रागावले नाही आणि तू बरोबर केलंस असंही म्हटलं नाही. १९३५ साली मोठ्या माणसांनी घाई केली, तो हिशेब माझ्या नातवाच्या बादलीत आला, एवढंच मला दिसत होतं. परत तो गेला नाही. ते दया वाटली म्हणून की मित्राशी भांडण झालं म्हणून, हे मला माहीत नाही.

पण त्याच गॉर्डनव्हेलची दुसरी गोष्ट आहे आणि ती मला प्रत्येक स्थानकात सांगावीशी वाटते. उत्तर क्वीन्सलंडमध्ये डेंग्यू यायचा. आपण काय करतो? धूर. तिथे स्कॉट ओनील नावाच्या शास्त्रज्ञांच्या गटाने जानेवारी २०११ मध्ये गॉर्डनव्हेल आणि यॉर्कीज नॉब या दोन ठिकाणी डास सोडले. मारले नाहीत, सोडले. वोल्बाकिया नावाचा एक जिवाणू कितीतरी कीटकांच्या अंगात मुळातच असतो, डेंग्यूच्या डासात मात्र नसतो. तो त्याच्या अंगात घातला की डेंग्यूचा विषाणू तिथे नीट वाढत नाही, आणि मादीकडून तो अंड्यांत उतरत जातो. काही महिन्यांत गावातले जवळजवळ सगळे डास तसे झाले. सोडण्याआधी गावातल्या लोकांना भेटून, समजावून, त्यांची तयारी आहे का ते पाहिलं होतं. पुढे टाउन्सव्हिल शहरात तर शाळेतल्या मुलांनी आणि घराघरांतल्या माणसांनी अंगणात डबे ठेवून ते डास वाढवले. त्यानंतर त्या भागात स्थानिक डेंग्यू जवळजवळ थांबला. डास आहेत, चावतातही. माणसं आजारी पडत नाहीत.

हे डास वाढवताना प्रयोगशाळेतली माणसं पिंजऱ्यात हात घालून त्यांना स्वतःचं रक्त पाजत असत. हे ऐकलं तेव्हा मला मेघरथ राजाची कथा आठवली. कबुतराचा जीव वाचवायला त्याने ससाण्यापुढे स्वतःच्या मांडीचं मांस तराजूत घातलं. त्या शास्त्रज्ञांच्या मनात अहिंसा नव्हती, त्यांना रोग थांबवायचा होता. पण डासाला न मारता रोग थांबतो हे त्यांना दिसलं, कारण त्यांनी वर्षानुवर्षं डासाकडे पाहिलं. आपल्याकडे जीवदयेची इतकी मोठी परंपरा, इतके ट्रस्ट, इतका पैसा. तो पांजरपोळाला आणि कबुतरांच्या दाण्याला जातो, जाऊ दे, मीही देते. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रान पेटलं. त्या भांडणात मी पडत नाही. मला एवढंच विचारायचंय की जिवाला न मारता त्याचा उपद्रव कसा टाळायचा, यावर संशोधन करायला आपल्यातल्या किती जणांनी किती रुपये दिले? झुरळावर, वाळवीवर, धान्यातल्या सोंड्यावर? हा विषय आपला असायला हवा होता.

मी हे मुलीला बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, आधी बघायला तर शिका. तिथे ऑक्टोबरात देशभर पक्षी मोजतात, २०१४ पासून. एका जागी वीस मिनिटं बसायचं आणि दिसेल तो पक्षी नोंदवायचा. मी गेल्या-गेल्या पहिल्याच आठवड्यात नातवाबरोबर बसले होते. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं, त्याची मला सवय, म्हणून वाटलं वीस मिनिटं म्हणजे काय. दहाव्या मिनिटाला मी उठून दूध बघून आले. तो हलला नाही. त्याचे चौदा प्रकार झाले, माझे पाच, त्यातला एक पांढरा शराटी, जो कचऱ्याच्या डब्यावरच बसला होता. मार्चमध्ये निघायच्या आधी पुन्हा बसलो, तेव्हा माझे अकरा झाले. उठले नाही.

अजून एक विचार डोक्यात राहिला आहे, त्याचं उत्तर मी महासतीजींना विचारणार आहे. चातुर्मासात साधू-साध्वी एका जागी राहतात, कारण पावसात जमीन जिवांनी भरलेली असते. आपला चातुर्मास आषाढ ते कार्तिक. केर्न्सला तेव्हा कोरडे महिने असतात. जीव उसळतात ते डिसेंबर ते मार्च. मग तिथल्या श्रावकाने पंचांग पाहून चातुर्मास पाळायचा की जमिनीकडे पाहून? मुलीच्या घरात यावर दोन तट पडले. जावई म्हणाले पंचांग, सगळ्या संघाबरोबर राहायला हवं. मुलगी म्हणाली जमीन. तिने आणि नातवाने जानेवारी-फेब्रुवारीत रात्री अंगणात जायचंच नाही असं ठरवलं, दिवसाही पायवाट सोडून नाही. गवताखाली पाय ठेवायला जागा नसते हे तिने पाहिलं होतं. मला दोघांचं पटलं. तुमचं मत जरूर कळवा.

शिंजिराची दोन्ही पिल्लं उडाली. सहा आठवड्यांनी औषधाचा माणूस आला, वाळवी पाहून गेला. स्वयंपाकघरात मात्र मुलीने त्याच्याकडून ओट्यामागे औषध लावून घेतलंच. मला आधी सांगितलं आणि मग लावलं. मी त्या दुपारी आतल्या खोलीत गेले नाही. तिथेच स्टुलावर बसून पाहिलं.

परवा व्हिडिओ कॉलवर नातवाने व्हरांडा दाखवला. दिव्यांच्या त्याच वायरवर शिंजिरीण पुन्हा गवत आणते आहे. मागे मुलगी केरसुणी घेऊन उभी होती, फरशी झाडत होती. वरच्या कोपऱ्यात दोन मोठी जाळी होती. मी म्हटलं, “अगं, जाळी दिसतायत.” ती म्हणाली, “दिसू दे.”